खंजत्व आणि कुलवृत्त : बालवयातील खुब्याच्या आनुवंशिक विकारांचा विचार

सुमारे बारा वर्षांपूर्वीची घटना आहे. दोन वर्षे दहा महिने वयाच्या मुलीला घेऊन एक माता चिकित्सालयात आली. मुलगी उशिरा चालू लागली आणि चालताना डाव्या बाजूस झुकते, अशी तक्रार होती. ज्वर नाही, शोथ नाही, स्पर्शासहत्व नाही, अग्नी उत्तम. खंजत्व हे लक्षण वातव्याधीत मोडते, असा विचार करून मी बला तेलाचा अभ्यंग, दुधासह अश्वगंधा चूर्ण आणि आहारविषयक सूचना दिल्या. चार महिने हा क्रम चालला. वजन वाढले, कांती सुधारली, चाल मात्र तशीच राहिली. अखेर क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा डाव्या मांडीच्या हाडाचे डोके खोबणीच्या बाहेर, वर सरकलेले दिसले. पुढे शस्त्रकर्म करावे लागले.

त्या दिवशी मातेने सहज सांगितले, "माझीही चाल अशीच आहे. लहानपणी पोलिओ झाला होता म्हणतात." ती पहिल्या दिवशी माझ्यासमोर लंगडतच आत आली होती. मी ते पाहिले होते, परंतु रुग्णपत्रिकेवर लिहिले नव्हते. कुलवृत्ताचा रकाना छापील होता आणि त्यात मी "विशेष नाही" असे लिहून ठेवले होते.

प्रस्तुत लेख त्या रिकाम्या रकान्याविषयी आहे. लंगडणारे बालक समोर आले असता कोणते खुब्याचे विकार कुळातून येतात, कोणते तसे भासतात परंतु येत नाहीत, आणि वैद्याने व औषधविक्रेत्याने कोठे थांबून पुढे पाठवावे, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

संहितांतील भूमिका

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले दोन प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. शुक्र-शोणिताच्या दोषामुळे होणारे ते आदिबलप्रवृत्त. त्यांचे मातृज आणि पितृज असे दोन भेद. गर्भिणीच्या अपचारामुळे गर्भावस्थेत उत्पन्न होणारे ते जन्मबलप्रवृत्त. पंगुत्व, जन्मांधत्व, बाधिर्य, वामनत्व ही त्यांची उदाहरणे होत. म्हणजे बीजातून आलेले वैगुण्य आणि गर्भाशयात घडलेले वैगुण्य यांतील भेद ग्रंथकारांनी स्पष्टपणे मानला आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या अध्यायात भरद्वाजांची एक मार्मिक शंका आहे. अपत्य मातापित्यांपासून उत्पन्न होत असेल, तर आंधळ्या, कुबड्या, मुक्या, खुज्या माणसांची मुले त्यांच्यासारखीच का होत नाहीत? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा की, बीजातील ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त होतो त्याच अवयवात विकृती येते; तो भाग उपतप्त नसेल तर येत नाही. यावरून प्राचीनांना आजचे जनुकशास्त्र ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु "व्याधी कुळात आहे, तरी प्रत्येक अपत्यात येत नाही" हे निरीक्षण आणि त्याचे कारण बीजाच्या अंशात शोधण्याची दिशा, या दोन्ही गोष्टी आपल्याला परक्या नाहीत.

शारीराच्या दृष्टीने वंक्षण संधी हा सुश्रुतोक्त आठ संधिप्रकारांतील उलूखल संधी होय. उखळात मुसळाचे टोक बसावे तसे मांडीच्या हाडाचे डोके कटीच्या खोबणीत बसते. ही उपमा चिकित्सालयात फार उपयोगी पडते. उखळ उथळ असेल तर मुसळ निसटते. मुसळाचे टोक झिजले वा चपटे झाले तर ते नीट फिरत नाही. बालवयातील खुब्याचे बहुतेक विकार या दोन वाक्यांत पालकांना समजावता येतात.

पहिला गट : उथळ उखळ

ज्या मुलीचा वर उल्लेख केला, तिचा विकार म्हणजे खुब्याचा विकासज विस्थापन-विकार. पूर्वी यास जन्मजात विस्थापन म्हणत. परंतु सर्वच बालकांत जन्मतः सांधा निसटलेला नसतो. काहींत खोबणी उथळ व बंधने शिथिल असतात आणि पहिल्या काही महिन्यांत सांधा हळूहळू बाहेर जातो. म्हणून "विकासज" हा शब्द आता रूढ झाला आहे आणि चिकित्सकाच्या दृष्टीने तो आशादायकही आहे. जे विकसित होत जाते, ते वेळीच थांबवता येते.

हा विकार मुलींमध्ये मुलांपेक्षा चार ते सहा पट अधिक, प्रथम अपत्यात अधिक आणि डाव्या बाजूस अधिक आढळतो. गर्भोदक अल्प असणे हे एक कारण आहे. गर्भाची स्थिती पायाळू असणे हे दुसरे महत्त्वाचे कारण. आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, अशी समजूत आहे. पायाळू व्यक्तीकडे लोक कौतुकाने पाहतात. यापुढे पायाळू बाळ म्हटले की वैद्याच्या मनात प्रथम त्या बाळाच्या खुब्याचा विचार यावा. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली, तरी गर्भ शेवटच्या महिन्यांत पायाळू होता का, हे विचारलेच पाहिजे.

कुळाचा वाटा किती? एडिंबरो येथील रूथ विन-डेव्हिस यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटुंबिक अभ्यासातील आकडे आजही समुपदेशनात वापरले जातात. मातापिता निरोगी असून एक अपत्य बाधित असेल, तर पुढील अपत्यास धोका सुमारे ६ टक्के. माता वा पिता यांपैकी एक बाधित असेल तर सुमारे १२ टक्के. मातापित्यांपैकी एक आणि एक अपत्य असे दोघे बाधित असतील तर सुमारे ३६ टक्के. कुळातून येतात त्या दोन गोष्टी: खोबणीचा उथळपणा आणि सर्व सांध्यांच्या बंधनांची शिथिलता. त्यावर गर्भाशयातील स्थिती आणि जन्मानंतरची हाताळणी यांची भर पडते. म्हणजे आदिबल, जन्मबल आणि नंतरचा आहारविहार ही तिन्ही कारणे एकाच सांध्यात एकत्र येतात.

माझ्या त्या रुग्णेची माता बाधित आणि मुलगी बाधित. म्हणजे पुढील अपत्यास धोका तिनांत एकाहून अधिक. हे गणित मी चार महिने आधी मांडायला हवे होते.

हाताळणी : जी आपल्या हातात आहे

बाळाचे पाय सरळ करून, एकमेकांस चिकटवून घट्ट बांधणे हे या सांध्यास अहितकर आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास बाळांचे पाय सरळ बांधून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली आणि त्यानंतर या विकाराचे प्रमाण लक्षणीय घटले. उत्तर अमेरिकेतील नवाहो समाजात बाळांना पाळणा-फळीवर पाय सरळ बांधून ठेवीत; त्यांच्यात हा विकार अधिक आढळत असे. याउलट, बाळाला कडेवर घेण्याची आपली रीत या सांध्यास हितकर आहे. कडेवर बसलेल्या बाळाच्या मांड्या वाकलेल्या व फाकलेल्या असतात आणि त्या स्थितीत हाडाचे डोके खोबणीत उत्तम बसते.

येथे आपल्या व्यवसायाशी निगडित एक अप्रिय गोष्ट मांडणे आवश्यक आहे. बाळंतघरी मालिश करणाऱ्या बाई बाळाचे पाय ओढून सरळ करतात, दोन्ही घोटे धरून उलटे टांगतात आणि शेवटी दुपट्यात घट्ट गुंडाळतात. "पाय सरळ झाले पाहिजेत" हा त्यामागील हेतू. वास्तविक नवजात बालकाच्या मांड्या स्वभावतः वाकलेल्या असतात; त्या काही आठवड्यांत आपोआप सुटतात. त्या ओढण्याची गरज नसते. अभ्यंग जरूर करावा. तो शास्त्रसंमत व बाळास सुखकर आहे. परंतु अभ्यंगात आंछन नसावे. गुंडाळायचेच असेल तर छातीपर्यंत गुंडाळावे आणि मांड्या मोकळ्या ठेवाव्यात. आपण अभ्यंगाचे तेल लिहून देतो, तेव्हा ही दोन वाक्येही लिहून द्यावीत.

तसेच, सांधा निसटलेला आहे असे वाटल्यास तो बलपूर्वक बसवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. सुश्रुताचार्यांनी संधिमुक्ताच्या चिकित्सेत आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हे उपक्रम सांगितले आहेत. परंतु तो विचार प्रामुख्याने आघातजन्य संधिमुक्ताचा आहे. बालकाचा सांधा जोर करून फाकवल्यास हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो आणि मूळ विकाराहून मोठे वैगुण्य मागे राहते.

वय आणि साध्यासाध्यत्व

मार्को ऑर्तोलानी नव्हे, तर मारिनो ऑर्तोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांनी १९३७ मध्ये वर्णिलेली आणि टी. जी. बार्लो यांनी १९६२ मध्ये मांडलेली, अशा दोन हस्तपरीक्षा नवजात बालकात केल्या जातात. पहिलीत निसटलेला सांधा आत बसताना हातास जाणवतो, दुसरीत सैल सांधा बाहेर सरकताना जाणवतो. त्या हळुवार हाताने आणि शिकलेल्या व्यक्तीनेच कराव्यात. सुमारे तीन महिन्यांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. त्यानंतर पाहावयाचे ते असे : बाळास उताणे निजवून गुडघे वाकवून मांड्या बाहेर फाकवाव्यात. एक बाजू दुसरीपेक्षा कमी फाकत असेल, तर ते महत्त्वाचे चिन्ह होय. पावले टेकवून गुडघे उभे केले असता एक गुडघा खाली दिसणे हे दुसरे चिन्ह. मांडीवरील वळ्या विषम असणे हे चिन्ह निरोगी बालकातही आढळते. केवळ त्यावरून निदान करू नये आणि केवळ त्या समान आहेत म्हणून निश्चिंतही राहू नये. दोन्ही बाजूंचा विकार असेल तर तुलनेला निरोगी बाजूच नसते. असे बालक चालू लागल्यावर बदकासारखे डोलत चालते, कंबर पुढे झुकते, आणि घरचे म्हणतात, "चाल जरा झोकदार आहे."

हाडाच्या डोक्यातील अस्थिकेंद्र साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात दिसू लागते. त्यापूर्वी क्ष-किरण चित्र फसवे ठरू शकते, म्हणून सोनोग्राफी करावी. ऑस्ट्रियाचे राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत विकसित केली. कुळात विकार असलेल्या वा पायाळू असलेल्या बाळाची, हस्तपरीक्षा निर्दोष असली तरी, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून घ्यावी.

सहा महिन्यांपूर्वी निदान झाल्यास पाव्हलिक यांच्या पट्ट्याने मांड्या वाकवून व फाकवून ठेवल्या असता बहुसंख्य बालकांचा सांधा काही आठवड्यांत स्थिरावतो. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भूल देऊन सांधा बसवणे व प्लास्टर हा मार्ग असतो. त्यानंतर बहुधा शस्त्रकर्म, आणि वय वाढेल तसे हाड कापून वळवण्याचेही कर्म करावे लागते. उपचाराविना राहिल्यास ऐन तारुण्यात सांधा झिजतो.

चरकाचार्यांनी प्रमेहप्रकरणी कुलज विकारांना असाध्य म्हटले आहे. ते वचन आपण अनेकदा सरसकट वापरतो. प्रस्तुत विकारात कुळातून येते ती प्रवृत्ती. ती असाध्य मानली तरी तिचा परिणाम सहाव्या आठवड्यात सुखसाध्य, दुसऱ्या वर्षी कृच्छ्रसाध्य आणि विसाव्या वर्षी याप्य होतो. येथे साध्यासाध्यत्व व्याधीइतकेच काळावर ठरते.

दुसरा गट : बिघडलेले मुसळ

या गटात सांधा जागेवर असतो, परंतु हाडाचे डोके विकृत होते.

पर्थेस विकार सर्वपरिचित आहे. लेग, काल्व्हे आणि पर्थेस यांनी १९१० मध्ये तो स्वतंत्रपणे वर्णिला. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलास, मुलींपेक्षा सुमारे चार पट अधिक प्रमाणात, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मृत होतो व पुढे काही वर्षांत पुन्हा भरून येतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर उडुपीच्या परिसरात याचे प्रमाण अधिक असल्याचे १९८० च्या दशकात मणिपाल येथील अभ्यासांतून दिसून आले. हा विकार बहुतांशी आनुवंशिक नाही. एका मुलास झाला म्हणून भावंडांना होईल, अशी भीती पालकांना घालू नये.

परंतु ज्या वेळी "पर्थेस" दोन्ही खुब्यांत, एकाच वेळी, सारख्याच स्वरूपात दिसतो, किंवा वडील-मुलगा अशा दोन पिढ्यांत दिसतो, त्या वेळी तो बहुधा पर्थेस नसतो. त्या वेळी तीन गोष्टींचा विचार करावा.

पहिली, बहु-अस्थ्यग्र दुर्विकसन. यात अनेक सांध्यांच्या हाडांची टोके नीट घडत नाहीत. बालक थोडे ठेंगणे, खेळल्यानंतर खुबे व गुडघे दुखणारे, डोलत चालणारे असते. बहुतेक कुळांत हा प्रबळ पद्धतीने उतरतो, म्हणजे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास निम्मा धोका. एका प्रकारात अप्रबळ पद्धतीने. अशा बालकात केवळ खुब्याचे चित्र काढून थांबू नये. गुडघे व पृष्ठवंश यांचीही चित्रे काढावीत. अवटु ग्रंथीची मंदता क्ष-किरणावर असेच चित्र दाखवू शकते आणि ती औषधाने बरी होणारी असल्याने रक्ततपासणी चुकवू नये.

दुसरी, द्वितीय प्रकारच्या कोलॅजेनच्या जनुकातील दोष. २००५ मध्ये तैवानमधील कुटुंबांच्या अभ्यासात हाडाच्या डोक्याचा कौटुंबिक मृतत्व-विकार बाराव्या गुणसूत्रावरील या जनुकाशी जोडला गेला. नंतर पर्थेससारखे चित्र असलेल्या एका जपानी कुळातही याच जनुकात दोष आढळला.

तिसरी, आणि महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाची, सिकलसेल व्याधी. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडील भागात, ही व्याधी मोठ्या प्रमाणावर आहे. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भास चारांत एक इतका धोका असतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकून हाडाच्या डोक्याचा काही भाग मृत होतो. वारंवार हाडे दुखणे, पांडुत्व, डोळ्यांत पिवळेपणा, प्लीहावृद्धी अशी पार्श्वभूमी असलेल्या बालकाचा खुबा दुखू लागला, तर आमवात समजून रूक्ष स्वेद, लंघन वा विरेचन योजू नये. शरीरातील जलांश घटला की या रुग्णास तीव्र वेदनांचा वेग येतो. आपला नित्याचा आणि अन्यत्र निर्दोष उपक्रम येथे थेट अपाय करू शकतो. या भागातील व्यवसायबंधूंनी सांधेदुखीच्या प्रत्येक बालकाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे विचारूनच चिकित्सा आरंभावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते; रुग्णास त्याची माहिती द्यावी.

याखेरीज दहा ते सोळा वर्षांच्या, विशेषतः स्थूल मुलांत, हाडाचे डोके वाढीच्या कूर्चेवरून घसरण्याचा विकार होतो. काही कुळांत तो एकाहून अधिक व्यक्तींत दिसतो. यातील फसवी गोष्ट अशी की, वेदना अनेकदा गुडघ्यात किंवा मांडीत जाणवते. गुडघ्यावर लेप, जानुबस्ती असे उपाय चालू असता वरचा सांधा घसरत राहतो. बालकाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासावा. मांडी पोटाकडे वाकवताना ती आपोआप बाहेरच्या बाजूस वळत असेल, तर मुलास एक पाऊलही चालू न देता त्याच दिवशी अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

हंदिगोडूचा धडा

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंदिगोडू नावाचे गाव आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथील व आसपासच्या गावांतील काही गरीब शेतमजूर कुटुंबांत खुबे व गुडघे यांचा विलक्षण विकार लक्षात आला. लहान वयात वेदना सुरू होत, पुढे चालणे कठीण होई, काही जण अतिशय ठेंगणे राहत. प्रथम संशय भातशेतीतील कीटकनाशकांवर आणि त्या शेतांतील खेकडे खाण्यावर गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये त्यास मलनाडचा कौटुंबिक संधिवात म्हणून वर्णिले. पुढील काळातील वंशवृक्षांच्या अभ्यासातून हा अस्थींच्या घडणीचाच, प्रबळ पद्धतीने उतरणारा आनुवंशिक विकार असल्याचे स्पष्ट झाले. आपसांतच विवाह करणाऱ्या लहान समाजांत तो टिकून राहिला होता.

एका गावात, एका थरात, एकाच तऱ्हेचे अन्न खाणाऱ्या लोकांत व्याधी दिसली की आपण हेतू बाहेर शोधतो. ते योग्यच आहे. परंतु वंशवृक्ष काढल्याशिवाय तो शोध पूर्ण होत नाही.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. एका घरात दोघे लंगडतात म्हणून विकार आनुवंशिकच, असेही नव्हे. क्षयरोगाचा जंतू एका घरातील दोघांना गाठू शकतो आणि खुब्याचा क्षय आपल्याकडे अजूनही आढळतो. मुडदूस एकाच स्वयंपाकघरातील भावंडांना होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे अनेक मुलांची हाडे वाकतात. कुळ एक, तसे घर एक, विहीरही एकच. यांतील कोणते एकत्व कारणीभूत आहे, हे शोधणे हेच निदान होय.

कुलवृत्त कसे घ्यावे

"घरात कोणाला असा त्रास आहे का?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा "नाही" असेच येते. विवाह जुळवताना लपवलेली गोष्ट वैद्यासमोरही सहज उघड होत नाही. म्हणून प्रश्न पुढीलप्रमाणे विचारावेत :

१. घरात कोणाची चाल वेगळी आहे? आजी, मावशी, आत्या यांपैकी कोणी लंगडत असे का?

२. कोणास लहानपणी पोलिओ झाला असे सांगतात का? असल्यास तो पाय बारीक व दुर्बळ आहे का? पोलिओत स्नायू क्षीण होतात. पाय भरलेला, परंतु आखूड आणि चाल डोलणारी असेल, तर तो खुबा असण्याचा संभव अधिक. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु जुन्या पिढीतील अनेक निसटलेले खुबे आजही पोलिओच्या नावाखाली वावरत आहेत.

३. चाळिशीच्या आत कोणाचा खुबा बदलला आहे का?

४. कुटुंबाच्या मानाने कोणी फार ठेंगणे आहे का?

५. बाळ पायाळू होते का? पहिले अपत्य आहे का?

६. मातापित्यांचे विवाहापूर्वी नाते होते का?

शेवटच्या प्रश्नाविषयी थोडे अधिक. चरकशारीराच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय आहे. गोत्र टाळण्याची दक्षता आपला समाज घेतो. परंतु मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. मामेबहिणीचे गोत्र भिन्न असते, मात्र दोघांच्या बीजाचा सुमारे आठवा अंश समान असतो. अप्रबळ विकार अशा विवाहातून अधिक प्रमाणात वर येतात. गोत्र भिन्न असल्याने बीजही भिन्न होते, असे नाही, हे समुपदेशनात सौम्य शब्दांत सांगावे.

उत्तरे मिळताच तीन पिढ्यांची आकृती काढावी. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, बाधितास भरीव खूण. दहा मिनिटांचे काम आहे. समुपदेशनात एक गैरसमज आवर्जून दूर करावा. "चारांत एक" म्हणजे एक मूल बाधित झाल्यावर पुढची तीन सुरक्षित, असे नव्हे. धोका प्रत्येक गर्भास नव्याने तितकाच असतो. आणि दोष मातेच्या माथी जाऊ देऊ नये. चाल आईची दिसते म्हणून घरातील बोलणी तिलाच बसतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

लंगडणाऱ्या मुलासाठी तेल मागायला येणारा पालक अनेकदा वैद्याआधी दुकानात येतो. तेल देण्यापूर्वी वय, ज्वर आणि कालावधी, एवढेच विचारावे. ज्वर असून बालक पाय टेकत नसेल किंवा हलवू देत नसेल, तर सांध्यात पू होण्याची शक्यता असते; ती तातडीची अवस्था आहे, तेथे तेल वा वेदनाशामक देऊन एक रात्रही घालवू नये. बालकास ॲस्पिरिन देऊ नये. चालू लागलेले मूल पहिल्या दिवसापासून डोलत चालत असेल, तर "चालता चालता सुधारेल" असे सांगू नये. आणि बाळाच्या मालिशच्या तेलाबरोबर "पाय ओढू नका, मांड्या बांधू नका" हे तोंडी जरूर सांगावे.

आपले स्थान

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी आणि औषधनिर्माता यांचा समावेश असतो आणि त्यांच्या तपासणीसूचीत खुब्याचा विकासज विकार व सिकलसेल हे दोन्ही आहेत. म्हणजे खेड्यातील मुलाच्या खुब्यावर पहिला हात अनेकदा आयुर्वेदीय पदवीधराचाच पडतो. तो हात तयार असला पाहिजे.

चिकित्सेतही आपले स्थान आहे, फक्त त्याचा क्रम जाणला पाहिजे. सांधा स्थानी आल्यानंतर, प्लास्टर निघाल्यावर क्षीण झालेल्या मांसधातूसाठी मृदू अभ्यंग, बृंहण आहार, दूध-तूप, क्रमाने व्यायाम, आणि बहु-अस्थ्यग्र विकारात मेदोवृद्धी होऊ न देणे, वेदनाकाळी स्नेहन-स्वेदन, हे सर्व शल्यतज्ज्ञाशी विचारविनिमय करून करता येते. स्थानभ्रष्ट संधी तसाच ठेवून केलेले बृंहण, हे माझ्याकडून चार महिने घडले तसे, केवळ समाधान देते.

त्या मातेस चार वर्षांनी दुसरी मुलगी झाली. या वेळी पत्रिकेवर आकृती काढलेली होती. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, डावा सांधा उथळ निघाला, अस्थिशल्यतज्ज्ञांनी पट्टा बांधला आणि काही आठवड्यांनी काढला. आज ती शाळेच्या मैदानावर धावते. थोरली शस्त्रकर्मानंतर चालते, शिकते, परंतु एक पाय किंचित आखूड आहे आणि फार चालले की खुबा दुखतो. दोघींचे बीज एकच, उथळ उखळही एकच. अंतर पडले ते निदानाच्या वेळेमुळे, आणि ती वेळ माझ्या हातात होती.